झिजलेलं बोट

संग्रहालयात बुद्धमूर्तीच्या काचेपुढे रांग लागली होती. माझ्या पुढ्यात दोघी जावा उभ्या होत्या.

"ताई, चपला काढायच्या का हो?"

"अगं, तिकीट काढून आलोय ना? मग चपला कशाला काढायच्या? हे दर्शन नाही, प्रदर्शन आहे."

"पण बुद्ध आपल्याच विहारातला ना? दुरुस्तीला नेलेला?"

"तोच. म्हणजे, तोच असावा बाई. मान तशीच कललेली आहे."

"मग ते जमिनीला टेकलेलं बोट बघा. केवढं निमुळतं!"

"अगं बाई, खरंच की! आपल्याचं तर पार सपाट झालं होतं."

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज त्यालाच हात लावत आले."

"आणि आपल्या आधी सासूबाई."

"पाटीवर काय लिहिलंय? माझा चष्मा घरीच राहिला."

"'भग्न बोट पूर्ववत करण्यात आले आहे.'"

"भग्न? मोडलं कुणी होतं? झिजलं होतं ते!"

"ते त्यांना कुणी सांगायचं?"

"मग हा आपला आहे की नाही?"

"डोकं खाऊ नकोस. चेहरा आपला, बोट त्यांचं."

"अहो, पण मी नमस्कार करू की नुसतं बघू?"

"'हात लावू नये' असं लिहिलंय."

"जोडू नये असं लिहिलंय का?"

"तसं काही दिसत नाही."

"मग जरा ही पर्स धरा. अय्या, ताई, तुम्ही चपला कधी काढल्यात?"

"समोर बघ. माझ्या पायांकडे काय बघतेस?"