गैरहजर मीनल पहिली आली

आमच्या चौथीतली मीनल शाळेत न येता पहिली आली, हे तुम्हाला सांगितलंच नाही का मी?

मोबाइलमध्ये एक फुकटचं ॲप आहे. प्रत्येक मुलाकडे आपापल्या नंबरचं छापील कार्ड असतं. मी एक वाक्य सांगायचं, जसं 'पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा.' बरोबर वाटलं तर मुलांनी कार्ड सरळ धरायचं, चूक वाटलं तर उलटं. वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोणाचं काय उत्तर ते नावासकट दिसतं. वर्गात मोबाइल चालू द्यायचा की नाही, हे मोठ्या बाई त्या दिवशी मागे बसून ठरवणार होत्या.

पाच वाक्यं झाली. मीनलला पाचपैकी पाच. तिच्या शेजारच्या पायलला शून्य.

बाईंनी हजेरी उघडली. "काहून हो, मीनल तर आज आलीच नाही ना?"

मी हजेरी पाहिली, मोबाइल पाहिला, मीनलची रिकामी जागा पाहिली.

पायल उभी राहिली. "मॅडम, उसको बुखार है. उसका कार्ड भी मैंने पकडा था."

"मग तुले शून्य अन् तिले पाच कसे?" बाईंनी विचारलं.

"मेरा तो हमेशा गलत होता है ना, मॅडम. इसलिए उसका कार्ड अपने से उल्टा पकडा."

बाईंनी हजेरी मिटली. मग मला म्हणाल्या, "मोबाइल वर्गात चालू द्या. पण मले एक सांगा, आता हे शून्य पायलचं, का तुमचं?"