ढग म्हणजे काय

ग्रीसमधल्या कालामाता शहरातल्या दवाखान्यात तपासणीचा निकाल ऐकायला डॉक्टरांनी एव्हांथियाबाईंच्या मुलाला, लेफ्तेरिसला, आत बोलावलं. आजार बाईंचा; पण इथे वाईट बातमी आजाऱ्याला कुणी सांगत नाही, घरच्यांना सांगतात. बाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. शेजारी एक बाप शाळकरी मुलीची उजळणी घेत होता. उद्या तिची जुन्या शोकनाटकांची परीक्षा होती.

“‘या घरात रात्र मुक्कामाला आलीय.’ अलंकार ओळख.”

“चेतनगुणोक्ती.”

“रात्र म्हणजे?”

“राणीचं मरण. दूताला ठाऊक असतं, पण तो आडून बोलतो.”

“का? जीभ झडते का त्याची?”

“समोर राणीची आई उभी असते ना, बाबा.”

“मग तिला कळत नाही?”

“पहिल्या शब्दालाच कळतं. नाटकातल्या आया काय येड्या असतात?”

“हळू बोल. लोक बसलेत.”

दार उघडलं. लेफ्तेरिस हसत बाहेर आला.

“चल आई, बंदरावर कॉफी घेऊ. काही नाही झालंय तुला. नुसता एक ढग आलाय, सरेल.”

“असं डॉक्टर म्हणाले?”

“हो गं. ऊठ.”

एव्हांथियाबाई उठल्या नाहीत. त्या शेजारी वळल्या.

“पोरी, ढग म्हणजे काय गं?”

मुलीने बापाकडे पाहिलं, मग लेफ्तेरिसकडे.

“ते आम्हाला अजून शिकवलं नाही, आजी.”