झाऱ्याचा आवाज

पोपट : थांब गं मॅडम, आता पायऱ्यांवर बसून उत्तरं नकोत. पेपर झाला, विषय संपला. मला आधी सांग, आज आपल्या रस्त्याला झालं काय होतं?

मॅडम : तिसऱ्या प्रश्नातल्या 'कारणे द्या'ला किती कारणं लिहिलीस तेवढं सांग. मग रस्त्याचं बघू.

पोपट : तूच दे कारणे! शाळेसमोरचे सगळे गाडीवाले मूग गिळून का बसले होते? मी खिडकीशी होतो, सगळं दिसत होतं. आइस्क्रीमवाल्यानं घंटीला फडकं गुंडाळलेलं. फुगेवाल्याची पिपाणी खिशात. आणि कलिंगडवाले मामा! ज्यांची हाक ऐकून कुत्री रस्ता बदलतात, ते बोटांनी भाव सांगत होते. एका आजींना वाटलं मुकेच आहेत बिचारे. त्या मोठमोठ्यानं बोलायला लागल्या, तर मामांनी त्यांना हात जोडले.

मॅडम : शाळेनं नोटीस काढली असणार. परीक्षेच्या काळात शांतता राखावी, वगैरे.

पोपट : नोटिशीला मामा भीक घालतात होय? नोटिशीत कलिंगडाच्या फोडी बांधून देतील.

शेंग : नोटीस नाही. आईनं सांगितलं सगळ्यांना.

पोपट : काकूंनी?

शेंग : आठवडाभर आपली गाडी सोडून एकेका गाडीपाशी जात होती. पोरांची परीक्षा आहे, तेवढा वेळ आवाज करू नका. सुऱ्यांना धार लावणारे काका ऐकेनात, तर त्यांच्याशी भांडली. म्हणाली, तुम्ही शिकला नाहीत, मी शिकले नाही, आता पोरांनी पण शिकू नये का?

पोपट : बाप रे! एका बाईनं अख्खा रस्ता गप्प केला. आमच्या घरात माझ्या आईला टीव्हीचा आवाज कमी करून मिळत नाही.

मॅडम : खरंच, अंगावर काटा आला माझ्या. एवढी माणसं धंदा सोडून आपल्यासाठी गप्प उभी राहिली, आणि आपण आत बसून शाई सुकली म्हणून कुरकुरतोय. शेंग, तुला केवढा अभिमान वाटत असेल! निबंध कुठला लिहिलास?

शेंग : नाही लिहिला.

मॅडम : वेळ पुरला नाही?

शेंग : वेळ होता. अर्ध्याच्या वर पेपर कोरा दिला मी.

पोपट : ए, गंमत करू नकोस.

शेंग : झारा वाजत नव्हता रे.

पोपट : कुठला झारा?

शेंग : आईचा. शेंगदाणे भाजताना कढईच्या काठावर वाजवते ना, ठण् ठण्. तुम्ही खोलीचं दार लावून अभ्यास करता. मी पहिलीपासून गाडीच्या मागं खोक्यावर बसून करते. झारा वाजतोय म्हणजे आई आहे. थांबला की मी मान वर करून बघते. चक्कर येऊन पडली होती ना ती, तेव्हा असाच थांबला होता.

मॅडम : पण आज थांबणार हे तुला ठाऊक होतं.

शेंग : ठाऊक होतं गं, पण हात काही चालेना. प्रश्न वाचायचा आणि कान बाहेर. सारखं मनात यायचं, आई पडली असेल, आणि म्हणूनच सगळे गप्प असतील. सुटल्यावर धावत जाऊन आधी तिचा हात धरला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पोपट : मग सांग ना काकूंना. उद्या वाजवतील.

शेंग : काय सांगू? तू माझ्यासाठी लोकांच्या पाया पडलीस आणि त्यानंच माझा पेपर गेला? तोंड बघायचं होतंस तिचं. कसा गेला, म्हणाली. मी म्हटलं, छान.

मॅडम : आणि उद्या गणित.

शेंग : उद्या मी येत नाही.

मॅडम : वेडी आहेस का? एक पेपर काठावर निघेल कसाबसा. दोन गेले तर वर्ष जाईल. तुला जायचंय त्या नर्सिंगला कोण जाणार मग, हा पोपट?

पोपट : मी सांगतो काकूंना.

शेंग : सांगितलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. शपथ घे. तू पण, मॅडम.

पोपट : घेतली बाई. माझ्या पोटात काही राहत नाही, तरी घेतली.

मॅडम : मीही घेते, पण एका अटीवर. तू उद्या यायचं. मी तुझ्या मागच्याच बाकावर आहे. काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण ये.

(दुसऱ्या दिवशी, गणिताचा पेपर सुटल्यावर, शाळेच्या त्याच पायऱ्यांवर.)

शेंग : पोपट, मोडलीस ना शपथ?

पोपट : आईशप्पथ नाही! रात्रभर पोट फुगलं होतं माझं, पण एक शब्द बोललो नाही.

शेंग : मग मॅडम, तू?

मॅडम : मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेंग, पण तू लिहीत होतीस! मी मागून बघत होते. आधी बराच वेळ पेन नुसतं हातात. मग बाहेरून तो आवाज आला, एकच. ठण्! तुझे खांदे खाली आले आणि तू लिहायला लागलीस. माझं प्रमेय अर्धं राहिलं बघता बघता.

पोपट : तुम्ही नुसतं ऐकलंत, मी पाहिलं. दुसऱ्यांदा वाजल्यावर पहाऱ्यावरच्या बाई उठल्या ना, खिडकी लावायला? त्यांच्याबरोबर मीही डोकावलो. रस्ता कालच्यासारखाच चिडीचूप. काकू झारा धरून उभ्या. थोडा वेळ गेला, मामांनी घड्याळ बघून मान हलवली, हं, आता. काकूंनी एकदाच वाजवला. आणि सगळेच्या सगळे वर आपल्या खिडक्यांकडे बघायला लागले. धारवाले काकासुद्धा! देवळात बघतात तसे. बाईंचा हात कडीवरच राहिला. मग खिडकी तशीच उघडी ठेवून त्या जागेवर जाऊन बसल्या.

शेंग : पण तिला कळलं कसं?

आई : कुणाला काय कळलं? घ्या, पाणी प्या आधी. उन्हात बसलीत तिघं.

शेंग : आई! तू कधी आलीस?

आई : तू या पोरांवर आळ घेत होतीस तेव्हा. यांनी काही सांगितलेलं नाही. पेपर कसा गेला?

शेंग : छान.

आई : कालपण छानच होता.

शेंग : आज खरंच छान. कालचा नव्हता.

आई : माहीत आहे मला. काल येऊन माझं मनगट धरलंस, बोलायच्या आधी. तान्ही होतीस तेव्हा झोपेतून दचकलीस की तसंच धरायचीस. गाडीखाली खोक्यात निजवायचे तुला. रस्त्यावर भोंगे वाजू देत, भांडणं होऊ देत, कूस बदलायची नाहीस. मी झारा खाली ठेवला की भोकाड. मला आधीच आठवायला हवं होतं, पण लोकांना गप्प करायच्या नादात विसरले बघ. रात्री मामांना म्हटलं, एवढा एक आवाज चालू दे. बाकीच्या पोरांना त्रास नाही ना झाला?

मॅडम : नाही काकू. शेवटी शेवटी तर मीच त्याची वाट बघत होते.

शेंग : माल संपला की काय करायचीस गं, मी निजलेली असताना?

आई : काय करणार? रिकामी कढई वाजवत बसायचं.

पोपट : आणि आज, काकू?

आई : आज तर शेगडीसुद्धा पेटवली नव्हती.