डफड्यातून निघालेला शब्द

दारव्ह्याच्या मोटार स्टँडवर कॉलेजात शिकणारी सत्यशीला आणि तिचे वडील माझ्या शेजारी बसले होते.

"बाबा, इंग्रजीत 'परिया' म्हणजे ज्याले कोणी जवळ करत नाही, तो."

"आपल्यासाठीच केला काय तो शब्द?"

"तमिळ मुलखातून गेला. तिथं 'परै' म्हणजे डफडं. ते वाजवणाऱ्या जातीचं नाव इंग्रजांनी उचललं."

"म्हणजे मुळात नुसता वाजवणारा?"

"हो. तुम्ही डफडं कायले जाळलं, बाबा?"

"गावात कोणाचीबी मयत असो, हुकूम आला का वाजवत पुढं चालाचं. दीक्षा घेतली अन् जाळलं. तुहा आजा लय रडला."

"अन् तुम्ही?"

"माहे हात वर्षभर मांडीवर वाजत राह्यले."

"आता वाजवसान?"

"हुकमानं नाही. तुह्या लग्नात वाजवीन."