आरशांचा घागरा आणि पांढरी छत्री

महागावच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मायलेक बसले होते. बाईंच्या अंगावर आरसे जडवलेला घागरा, लेकाच्या गळ्यात कॅमेरा आणि मांडीवर पांढरी छत्री. आईला तो बंजारा बोलीत 'याडी' म्हणत होता.

"लखन, एवढ्या उन्हात हे पांढरी छत्री कायले रे?"

"याडी, हे फोटोची छत्री आहे. फ्लॅश हिच्यातून मारला का चेहऱ्यावर उजेड मऊ पडते."

"फ्लॅश त कॅमेऱ्याच्या डोक्यावर असते ना?"

"तोच काढून बाजूच्या स्टँडवर लावाचा. मी इथं बटन दाबलं का तो तिथं चमकते."

"कायले एवढा कुटाणा?"

"समोरून मारला का तुह्या घागऱ्याचे आरसे सगळा उजेड कॅमेऱ्यात परत फेकतेत. मामाच्या अंजूच्या लग्नात तसंच झालतं, फोटोत नुसते पांढरे डाग."

"माहीत आहे. तो फोटोवाला म्हणे, मावशी, जरा बाजूले व्हा. तवापासून फोटो निघाले का मीच बाजूले होते."

"म्हणून पिशवीत साडी आणली का?"

"मंग? आज तुह्या मामाच्या इंद्रजीतच्या लग्नाचे फोटो कायले खराब करू?"

"साडी राहू दे पिशवीतच. या खेपेले लाइट बाजूले होईन, तू नाही."

"पक्कं?"

"काल तुहा जुना घागरा दोरीवर टांगून चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस साफ आले."

"असं म्हणतं?"

"असंच."

"मंग मी मधात उभी राहीन. नवरदेवाले सांगून ठेव, जरा बाजूले हो म्हणावं."