काटूलीचं रडणं

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे बसा. हां. तर सही करणार नाही असं मी म्हटलेलंच नाही, मॅडम. एकशेचार भागांपैकी एकशेतीन या पेटीत आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे, प्रत्येकाच्या कागदावर माझी सही आहे, मोजून घ्या हवं तर. राहिला एक, नववा. एका भागानं तुमचं काय अडलंय? चॅनल एकतीस देशांत जाणार, तर जाऊ दे की, एक भाग कमी घेऊन गेलं म्हणून कुणी दारातून परत पाठवणार आहे का? — माहितीये मला, साहेबांना नववाच हवाय. साहेबांच्या खोलीतला तो नकाशा मी पाहिलाय, एकतीस टाचण्या टोचलेला. विस्तार, विस्तार म्हणून त्यांनी इमारत डोक्यावर घेतलीये. एका देशानं म्हणे कळवलं, कार्टूनमधल्या त्या साळिंदराचे, आपल्या काटूलीचे, काटे बोथट करा, मुलांना भीती वाटेल. केले बोथट. दुसऱ्यानं कळवलं, रंग उदास आहे. केलं जांभळं. जांभळं साळिंदर, बोथट काट्यांचं — मी म्हटलं करा काय करायचं ते, माझं काय जातंय, मी आवाजाचा माणूस. चोवीस वर्षं झाली, काटूलीचं चित्र कुणी काढलं ते लोक विसरले, पण तिचा आवाज मी या खोलीत टिपलाय, या टेबलावर.

तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. आपल्या भागाचे आवाज तीन ठिकाणी वेगवेगळे ठेवलेले असतात. एका ट्रॅकवर बोलणं, एकावर संगीत, आणि तिसऱ्यावर बाकीचं सगळं — दार वाजलं, पाऊल वाजलं, कुणी शिंकलं, कुणी हसलं, कुणी रडलं. बोलण्याचा ट्रॅक प्रत्येक देश आपापल्या भाषेत नव्यानं करून घेतो. संगीतही बदलतो कुणी कुणी. तिसरा मात्र जसाच्या तसा जातो, कारण शिंकेला कुठली आलीये भाषा? रडण्याला कुठली आलीये? एकदा टिपलं की जगभर चालतं, पुन्हा कुणाला रडवायला नको. म्हणून तर नवव्या भागातलं रडणं साहेबांना सोन्यासारखं वाटतंय. तो भाग पाहिलाय ना तुम्ही — काटूलीला काटे आहेत म्हणून तिला कुणी उचलून घेत नाही, आणि ती ओढ्याकाठी बसून रडते. अठ्ठेचाळीस सेकंद. मी त्यांना दुसरं रडणं करून दिलं होतं, सांगितलं नाही तुम्हाला कुणी? तीन मुलं आणली, एक बाई आणल्या, चांगलं स्वच्छ रडणं दिलं. परत आलं. का, तर त्यांनी पाच-पाच वर्षांची पोरं एका खोलीत बसवून दोन्ही दाखवली. माझ्या नव्या रडण्याला पोरं उठून खेळण्यांकडे गेली म्हणे. जुन्याला एकही हललं नाही. तेव्हाच ठरलं, तेच रडणं जाहिरातीतही घालायचं, दर तासाला, एकतीसही देशांत.

दोष आहे त्या टेपमध्ये. म्हणून मी अडवून धरलीये. — कसला म्हणजे, खरखर आहे, पाठीमागे. इथं दाखवताना ती कळायची नाही, कारण आपला निवेदक नेमका तिथंच बोलतो, "काटूलीला कुणी जवळ घेईना, कुणी उचलून घेईना" — लांबलचक वाक्य, मीच लांबवायला लावलं होतं त्याला. आता तिकडचे निवेदक त्यांच्या भाषेत चार शब्दांत मोकळे होतात, आणि खालचं सगळं उघडं पडतं. — काढून टाकता आलं असतं तर काढलं नसतं का मी? दुधातलं पाणी काढून दाखवा बघू मला. रडण्याच्या आतच आहे ते.

खरं तर ते रडणं आमच्या बाईंचं असायला हवं होतं. काटूलीचा आवाज देणाऱ्या बाई, चाळिशीच्या, उंच, दोन पोरांची आई, पण तोंड उघडलं की थेट चार वर्षांची. बोलायच्या झकास, रडायच्या मात्र नाटकातल्यासारख्या. दिग्दर्शकानं सात वेळा घेतलं आणि डोकं धरून बसला. म्हणाला, खरं मूल आणा कुणीतरी, खरं रडू आणा. आणि मी — मला तेव्हा फार हौस, पुढे पुढे करायची — मी म्हटलं, माझी भाची आहे ना, सहा वर्षांची. बाहेरच बसलीये.

ती त्या दिवशी माझ्याकडे होती कारण ताईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. मोठं काही नाही, पित्ताशयातला खडा. भाऊजी दवाखान्यात, पोरीला कुठं ठेवायचं, तर मी म्हटलं मी नेतो, काटूलीचं घर दाखवतो. सकाळपासून एवढी खूश होती — प्रत्येक बटण कशाचं ते विचारून झालं, बाईंच्या मांडीवर बसून झालं. काचेपलीकडच्या खोलीत तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन घातला, तो मोठ्या माणसांचा, तिच्या डोक्याला कुठला बसतोय, एका कानावरून घसरला होता. मी हातानं सारखा केला नाही. चूक तीच म्हणा — कान बांधून घेतला असता तर माझं बोलणं हेडफोनमधून निसटून तिच्या माईकमध्ये शिरलं नसतं. — हो, माझं. म्हणजे टेबलाशी बसलेल्या माणसाला आतल्याशी बोलायचं तर बटण दाबून बोलतो आपण, ते हेडफोनमध्ये ऐकू जातं. साधी गोष्ट आहे. सूचना द्याव्या लागतात.

तर रडेना ती. कशी रडेल? काचेतून मला हात करत होती. दिग्दर्शक म्हणाला, पडल्याचं आठव. आठवलं, हसली. म्हणाला, बाहुली हरवल्याचं आठव. म्हणाली, हरवलीच नाही. स्टुडिओची वेळ संपायला वीस मिनिटं राहिलेली, दिग्दर्शक घड्याळाकडे बघतोय, मग माझ्याकडे बघतोय, आणि आणली कुणी, तर मी. म्हणून मी बटण दाबलं आणि म्हटलं —

पाणी हवंय का तुम्हाला? मला हवंय. थांबा.

मी म्हटलं, "तुझी आई आता येणार नाही." एवढंच. पहिले दोन सेकंद काहीच झालं नाही, ती माझ्याकडे बघत राहिली, हात तसाच वर. आणि मग सुरू झालं. दिग्दर्शकानं बोट वर केलं, म्हणजे थांबू नका. मी थांबलो नाही. मध्ये ती म्हणाली खरोखर? आणि मी पुन्हा बटण दाबून तेच वाक्य म्हटलं, दोनदा, रडणं उतरायला लागलं होतं म्हणून. मीटरचा काटा चांगला नाचत होता, आवाज कुठं फाटत नव्हता, असं रडणं आयुष्यात एखाद्यालाच टिपायला मिळतं हो. — बघू नका असं माझ्याकडे. मी तिला लगेच सांगणार होतो की गंमत केली. पण दिग्दर्शक म्हणाला, अजून एकदा घेऊन ठेवू, हाताशी असावं. आता दुसऱ्यांदा घ्यायचं तर गंमत होती असं कसं सांगणार? म्हणून नाही सांगितलं. दुसरं काही तितकं जमलं नाही. मग बाईंनी तिला जवळ घेतलं, बिस्कीट दिलं, आणि मला दुपारपर्यंत भाग जोडून द्यायचा होता, म्हणून मी तिला तिच्या आत्याकडे सोडलं आणि धावत परत आलो. सांगायचं राहून गेलं. बस्स, राहून गेलं.

तिनं आत्याला सांगितलं, आई येणार नाही. आत्या म्हणाली, असं अभद्र बोलू नये. ती म्हणाली, येणारच नाही. दिवसभर घोकत होती म्हणे. आणि संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. ताईची भूल उतरलीच नाही.

आता बोला. काय करायचं माणसानं? घर भरलेलं, भाऊजी भिंतीला डोकं टेकून बसलेले, आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, ही पोरगी सकाळपासून बोलत होती, काळ्या जिभेची आहे ही. सगळ्या खोलीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मामाच म्हणाला होता." मग सगळ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, मी असं काही बोललो नाही.

ताईला जाऊन दोन तास झाले होते, मॅडम. त्या वेळी कुणाला सांगणार, की मी तिच्या पोरीला रडवायला असं बोललो? चारचौघांत फाडून खाल्लं असतं मला. म्हटलं, नंतर सांगू, तेरा दिवस जाऊ देत. मग म्हटलं, वर्ष जाऊ दे. ती ताईच्या अंत्ययात्रेत रडली नाही, तेही तिच्याच खात्यावर चढलं — बघा, डोळ्यांत टिपूस नाही. अहो, ती सकाळीच रडून बसली होती, माझ्या टेपवर. पुढं आत्या आजारी पडली तर हिला तिच्या खोलीत जाऊ देईनात, काहीतरी बोलेल म्हणून. कुणाचं लग्न ठरलं की हिला दुसरीकडे पाठवायचे. आणि हळूहळू तिलाच ते खरं वाटायला लागलं. उद्याचं काही बोलायचीच नाही. येशील ना, होईल ना, सांभाळून जा — असलं एक वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही पुन्हा. दहावीत असताना एकदा माझ्याकडे आली, म्हणाली, मामा, मला आठवतं ते खरं आहे की मी मनानं रचलं? एकच विचारते, पुन्हा विचारणार नाही. मी म्हटलं, लहान होतीस, बाळा, लहानपणी होतो असा भास. डोक्यावरून हात फिरवला तिच्या. ती बरं म्हणाली, आणि खरंच पुन्हा विचारलं नाही तिनं. शब्दाची पक्की आहे.

तिनं काटूली कधी पाहिली नाही. लागली की उठून जायची. शिकली, लांब गेली, जिथं तिला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी लग्न केलं. तुमच्या यादीत एकोणीस नंबरला आहे तो देश. चार वर्षांची मुलगी आहे तिला, भाऊजींनी फोटो दाखवला. आता सांगा, चार वर्षांचं पोर घरात असेल तर टीव्ही बंद राहील का? आणि जाहिरात दर तासाला. एकतीस देशांत त्या रडण्याखालचं बोलणं कुणालाही कळायचं नाही, कुणी म्हणेल खरखर, कुणी म्हणेल कुठला तरी माणूस. एकाच घरात कळेल. म्हणून म्हणतो, साहेबांना सांगा टेप खराब झाली, बुरशी लागली, काहीही सांगा. तिचा संसार नीट चाललाय, कशाला जुनं उकरायचं? तिच्याचसाठी म्हणतोय मी.

— काय म्हणालात? तिला बरं वाटेल? आपण खोटं बोलत नव्हतो हे कळून? हो, वाटेल ना. सुटेल ती. चोवीस वर्षांनी सुटेल. — आणि मी? मी एकसष्ट वर्षांचा आहे, मॅडम. त्या घरात अजून मला मान आहे, भाऊजी दर सणाला— दर महिन्याला फोन करतात मला, पोरगी तुझीच लाडकी होती म्हणतात. मला भीती वाटते. झोप लागत नाही मला तुमची ती यादी आल्यापासून. झालं समाधान?

हे घ्या, लावा कानाला. लावा, नुसतं माझं ऐकून काय कळणार. दोन्ही कान नीट झाका. … बाविसाव्या सेकंदाला येतं … आणि पुन्हा एकतिसाव्याला. … काढा आता. पुरे. काढा म्हणतो ना.

— म्हणजे? कधी? पोरांना दाखवायला नेलेली नक्कल गेल्या आठवड्यातच पाठवली? मग ही मूळ टेप कशाला मागत होतात माझ्याकडे? — नुसत्या कागदासाठी. अस्सं. म्हणजे मी इथं महिनाभर टेप छातीशी धरून बसलो आणि ती केव्हाच विमानात बसून गेली. वा. बरं, दाखवा कागद. रडणं, भाग नववा. आवाज कुणाचा. — ही नवी पद्धत बरी काढलीये तुम्ही लोकांनी, प्रत्येक आवाजाला नाव, आणि शेवटी पडद्यावर झळकणार. तिचं नाव घाला, घाला, तिचंच रडणं आहे, सांगतो मी नाव. — आणि खाली ही दुसरी ओळ कशाला? दोन आवाज कसे? दुसरा कुठं आहे?

पुरुषाचा? तुम्ही ऐकला? कसला पुरुषाचा, मॅडम, जुनी टेप आहे, चोवीस वर्षांची, त्यात काहीही ऐकू येतं. खरखर आहे ती. यंत्राची खरखर, लिहा तसं. आणा, मीच लिहितो. यं, त्रा… झालं. ही सही. तारीख तुम्ही घाला.

— नाही. मी असं काही बोललो नाही. मी बहिणीबद्दल बोलत होतो, तिच्या आजारपणाबद्दल, तुम्ही काय ऐकलंत मला माहीत नाही. पेटी उचला तुमची. दार बाहेरून ओढून घ्या, नीट बसत नाही ते.