आत्याबाईंच्या कानासाठी स्पीकर

…नाही, मला सांगा, स्पीकर घ्यायला आलेल्या बाईला माणसाचा आवाज ऐकवायला यांचं काय जातं हो? अख्खा पैठण गेटचा बाजार पालथा घातला मी, उन्हातान्हात, लॅपटॉप पोटाशी धरून, आणि ज्या दुकानात जावं तिथं तेच, वरातीतलं गाणं लावायचं, धडाम धुडुम धडाम, काउंटरची काच थरथरायला लागली की माझ्याकडं असं बघायचं जणू यांचंच पोरगं बोर्डात पहिलं आलंय! मी म्हणते, "भाऊ, ते सगळं राहू द्या, मला माणसाचा आवाज पाहिजे." तर तो म्हणतो, "भाभी, बेस देखो बेस! कलेजा हिल जाता!" अहो, कलेजा आधीच हललाय माझा, म्हणून तर आलेय!

कशानं हलला? तुम्हाला सांगते. आमच्या अपेक्षाला स्थळ आलं वैजापूरचं. मुलगा शिवराज, इंजिनिअर, नोकरीला जर्मनीत. फोटो पसंत, पत्रिका पसंत, दोघं महिनाभर फोनवर बोलतायत, आमची पोरगी जेवता जेवता ताटाकडं बघून हसतेय… म्हणजे झालंच की! पण नाही ना. आमच्या घरात कडूबाई आत्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय मुलगी देत नाहीत. कडूबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या आत्या, फुलंब्रीच्या, ह्यांना त्यांनीच वाढवलं. डोळ्यांनी आता दिसत नाही फारसं, पण कान? शेजारणीच्या गॅसवर दूध उतू चाललं तर इथं बसून सांगतात! घराण्यातले सगळे जावई त्यांनी कानानं निवडलेत. पोराला शेजारी बसवायचं, बोलतं करायचं आणि ऐकायचं. म्हणतात, "रूप काय बघायचं, रूप उतरतं. आवाज नाय उतरत." एकदा एका स्थळाला नको म्हणाल्या, तो पुढं दुसऱ्याच घरच्यांना फसवून पळाला. तेव्हापासून आमच्यात कोर्टाचा निकाल फिरेल, आत्याबाईंचा नाही!

आता हा मुलगा जर्मनीत. दिवाळीपर्यंत रजा नाही. शेजारी बसवायचं कसं? मग आत्याबाईंना बसवलं लॅपटॉपपुढं. लॅपटॉप अपेक्षाच्या कॉलेजातला, त्याचा आवाज म्हणजे बाटलीत चिलट कोंडावं तसा. पोरगा बिचारा हात जोडून म्हणाला असेल, "नमस्कार आत्याबाई, मी शिवराज." इकडं काय आलं? "ण्यँ ण्यँ ण्यँ, ण्यँ ण्यँ!" आत्याबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "दम नाय. पोरगं डब्यात बसून बोलतंय. कुणाला तरी भितंय. नगं."

अहो आत्याबाई, डबा लॅपटॉपचा आहे, पोराचा नाही! पण ऐकतंय कोण? अपेक्षा आत गेली आणि घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालत बसली. आईला कळतं ना ते… आणि तिकडून मुलाच्या आईचा, आशाबाईंचा फोन, "ताई, रविवारपर्यंत काय ते कळवा, दुसरं एक स्थळ थांबलंय." मी आत्याबाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "बरं, आणखी एकदा ऐकते. एकदाच."

म्हणून स्पीकर! तर आमचे हे म्हणतात, "दीड हजाराच्या वर जायचं नाही. पुढं लग्न करायचंय." दीड हजारात कशी पारख करायची हो? एकाला नुसते दिवेच, लाल, हिरवे, निळे… मी म्हटलं, "भाऊ, आमच्या आत्याबाईंना दिसत नाही, मला माणसाचा आवाज पाहिजे." दुसऱ्याचा वूफर एवढा, की त्यातून शिवराज बोलला असता तर वाटलं असतं विहिरीच्या तळातून रेडा बोलतोय! आत्याबाई म्हणाल्या असत्या, हा पोरीला मारील. आणि मला तरी काय ठाऊक, पोराचा खरा आवाज कसा? मी कुठं त्याला समोरासमोर ऐकलंय?

आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक आवाज आहे की! लग्न झाल्यापासून उठता बसता ऐकतेय, त्याच्यात राईएवढा फरक पडला तरी मला कळणार! आमचे हे बरोबर होतेच, त्यांना पाठवलं रस्त्यापलीकडं, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, आणि लावला लॅपटॉपवरून त्यांच्या फोनला व्हिडिओ कॉल. "बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

"काहीही म्हणजे काय?"

बघा! घरी ज्यांना 'आता पुरे' म्हणावं लागतं, त्यांना रसाच्या गाड्याजवळ शब्द सुचेना! मग म्हणाले, "सुरेखा… ऊन फार आहे." पहिल्या स्पीकरवर इतकं गोड आलं, इतकं गोड, जसं काही आकाशवाणीवर कुणी माझ्यासाठीच बोलतंय. असा आवाज असता तर मी एकदा तरी रुसून माहेरी गेले असते का? खोटा! म्हटलं, काढा. दुसऱ्यावर खरखर. मग दुकानदारानं मागून धुळीतली एक जोडी काढली, लाकडी खोकी, दिवे नाहीत, काही नाही. "भाभी, ये पुराना मॉडेल है, इसको कोई नहीं पूछता." मी म्हटलं, लावा.

तोपर्यंत ह्यांना कंठ फुटला होता. "तुला सांगतो सुरेखा, तुमच्या माहेरची माणसं चहासुद्धा विचारून देतात, 'घेता का?' म्हणून! असं विचारल्यावर कोण 'घेतो' म्हणेल?" अख्खं दुकान हसायला लागलं. आणि मला? कानशिलं तापली! 'तुमच्या'वरचा तोच जोर, नाकातला तोच फुत्कार, जसेच्या तसे! म्हटलं, "भाऊ, हेच द्या."

"पसंद आया, भाभी?"

"नाही! राग आला! खरा राग आला!"

रविवारी दुपारी बसलो सगळे. एका चौकोनात शिवराज, एका चौकोनात वैजापूरहून आशाबाई, अपेक्षा दाराआड. पोरगा म्हणाला, "नमस्कार आत्याबाई," आणि आत्याबाईंनी मान तिरकी केली. पाऊसपाणी विचारलं, खाणंपिणं विचारलं. मग एकदम म्हणाल्या, "आता तुझ्या आईला हाक मार बरं. ती परसात हाय, तू दारात, असं समज."

"आत्ता? इथं?" बरोबर आहे, त्याच्या खोलीत आणखी दोघं होते.

"व्हय, आत्ता."

शांत… मला वाटलं, झालं, नेट गेलं, स्थळ गेलं! आणि मग त्या लाकडी खोक्यांतून आली हो हाक, भरल्या गळ्याची, अस्सल वैजापूरची, "आईऽऽऽ! अगं आई, कुठं हायेस?" आणि आशाबाई, त्या तर समोरच बसल्या होत्या, पण तोंडातून निघून गेलं, "आले रे बाळा, आले!" आणि पदर डोळ्याला…

आत्याबाई म्हणाल्या, "ज्याला अशी हाक मारता येती, त्येला घर कळतं. साखर आणा." अहो, माझ्या छातीवरचा पाटा कुणी उचलून ठेवला म्हणून सांगू! मी साखरेचा डबा म्हणून मिठाचा आणला, तो कुणाला कळायच्या आधी बदलला.

आता म्हणाल, रोज घरात जावयाचा आवाज घुमत असेल! छे हो. अपेक्षा कानात ते पांढरे बोळे घालते आणि दार लावून घेते. आत्याबाईंनी फुलंब्रीला जायचं नावच काढलं नाही, सारख्या विचारतात, "काय म्हणतोय जावई?" मी काय सांगू? एवढं उन्हात फिरून माणसाचा आवाज घरात आणला, आणि आम्हाला ऐकू येतं काय, तर पोरीचं 'हं… हं…' आणि मधेच एक हसू. तेवढं तर स्पीकरशिवायही ऐकू येत होतं!